निळी पडलेली नळी

शनिवारी सकाळी फ्रीज उघडला तेव्हा नळी निळी होती. आदल्या संध्याकाळी तिच्यात एका प्रथिनाचं जांभळं द्रावण ठेवलं होतं, पिकल्या जांभळाचा रस पाण्यात कालवावा तसं. सकाळी त्या जागी पांढऱ्या कपड्यांना घालायच्या निळीचं पाणी. विद्यार्थिनीने नळी माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाली, "सर, आता हे तरी आमच्या काकांच्या मिठामुळे झालं असं म्हणू नका."

तिचा टोमणा मला लागला आणि लागायलाच हवा होता. प्रकरण त्या नळीचं आहे, पण त्याची सुरुवात मिठापासून आहे. गोव्यातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी मार्गदर्शक आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. पुढे ज्या चुका येतील त्यातल्या बहुतेक माझ्या आहेत, तिच्या फार थोड्या.

काय करायचं होतं

पेशीभोवतीचं पटल म्हणजे लिपिडांचं, चरबीच्या जातीच्या रेणूंचं, दुहेरी अस्तर. त्यात रुतून बसलेली प्रथिनं ही पेशीची दारं, पंप आणि कान. आज वापरात असलेली निम्म्याहून जास्त औषधं अशाच प्रथिनांवर काम करतात. तरीही ही प्रथिनं अभ्यासायला महाकठीण, कारण त्यांचं अंग तेलकट आणि पाण्यात टाकली की ती एकमेकांना चिकटून गोळा होतात. पटलातून बाहेर काढायची तर डिटर्जंट लागतो. डिटर्जंट लिपिडांना हुसकावतो आणि त्यांच्या जागी स्वतः प्रथिनाला वेढून बसतो. गेली कित्येक दशकं हाच राजमार्ग आहे.

माझी पिढी 1972 सालच्या सिंगर आणि निकोल्सन यांच्या चित्रावर वाढली. लिपिडांचा समुद्र, त्यात तरंगणारी प्रथिनं. समुद्र म्हटला की त्यात काय आहे हे कुणी विचारत नाही. विद्यार्थ्यांना प्रथिन शुद्ध करायला शिकवताना मी वर्षानुवर्षं एकच शब्द वापरत आलो: "लिपिडांची घाण काढा." तो शब्द ध्यानात ठेवा.

गेल्या वीसेक वर्षांत हे चित्र पालटलं आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीविज्ञानाच्या संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने मेंदूतल्या एका सेरोटोनिन रिसेप्टरच्या, म्हणजे सेरोटोनिनचा निरोप ऐकणाऱ्या प्रथिनाच्या, पटलातलं कोलेस्टेरॉल काढून घेतलं, तर रिसेप्टरची औषध धरण्याची ताकद उतरली. कोलेस्टेरॉल परत दिल्यावर ती परत आली. ऑक्सफर्डच्या कॅरोल रॉबिन्सन यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं की ल्यूटी नावाच्या वाहक प्रथिनाची जोडी कार्डिओलिपिन या लिपिडाच्या आधारावर टिकते आणि ते काढलं की जोडी सुटते. त्यांची पद्धतच अचाट आहे. प्रथिन लिपिडांसकट निर्वात पोकळीत उडवायचं आणि त्याचं वजन करायचं. वजन जितकं जास्त भरलं, तितकी लिपिडं चिकटलेली. आता प्रश्न असा विचारतात की कुठलं लिपिड, प्रथिनाच्या कुठल्या कोपऱ्यात, आणि ते नसेल तर काय बिघडतं.

आम्हाला हाच प्रश्न लहान प्रमाणात विचारायचा होता. त्यासाठी प्रथिन निवडलं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. निवडीची कारणं अगदी व्यवहारी होती. 248 अमिनो आम्लांचं हे प्रथिन म्हणजे उजेडावर चालणारा प्रोटॉनचा पंप. सात वेटोळ्यांचा गठ्ठा आणि त्याच्या पोटात रेटिनल, जीवनसत्त्व अ चं भावंड. त्या रेटिनलमुळे प्रथिनाला रंग येतो, आणि रंग हीच त्याची नाडी. ठणठणीत असेल तर ते 568 नॅनोमीटरला प्रकाश शोषतं आणि जांभळं दिसतं. मोडलं की रेटिनल सुटतं, शोषण 380 च्या आसपास येतं आणि द्रावण फिकट पिवळं पडतं. महागडं यंत्र नसलं तरी नळीकडे नुसतं बघून निम्मं निदान होतं. आमच्यासारख्या प्रयोगशाळेला याहून सोयीचं प्रथिन नाही.

दुसरं कारण मिठागरं. हे प्रथिन बनवणारा हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम हा जीव, नावात बॅक्टेरियम असलं तरी आर्किया या बॅक्टेरियांहून वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या गटातला, जवळपास संपृक्त मिठाच्या पाण्यात राहतो. नेरूलला किंवा रायबंदरच्या रस्त्याला एप्रिल-मेमध्ये मिठागराच्या वाफ्यांतलं पाणी तांबूस झालेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी याचे भाऊबंद पाहिलेच आहेत. आमचा वाण मात्र प्रयोगशाळेतलाच, भरपूर जांभळं पटल, म्हणजे या प्रथिनाने खच्चून भरलेलं पेशीचं पटल, देणारा प्रमाणित. स्थानिक काही असेल तर ते मीठ. या जीवाच्या एका लिटर खाद्यात 250 ग्रॅम मीठ जातं. दहा लिटर वाढवायचं म्हटलं की अडीच किलो. रसायनांच्या बाटलीतलं मीठ त्या हिशेबाने परवडत नाही. विद्यार्थिनी पेडण्यातल्या आगरवाड्याची, तिच्या काकांचे मिठागरात वाफे. तिने पोतंच आणून ठेवलं. जाडं, करड्या झाकेचं, हाताला किंचित ओलसर लागणारं मीठ. ते विरघळवून, गाळून आम्ही वापरत होतो.

मिठावर आळ

बेत असा होता. जांभळं पटल ट्रायटन एक्स-100 या डिटर्जंटमध्ये विरघळवायचं, म्हणजे प्रथिनं सुटी होतील. मग ती नॅनोडिस्कमध्ये बसवायची. नॅनोडिस्क म्हणजे स्टीफन स्लिगार यांच्या इलिनॉयच्या प्रयोगशाळेतून आलेली युक्ती: लिपिडांची दहा-एक नॅनोमीटर व्यासाची चकती आणि तिच्या कडेने प्रथिनाचा पट्टा, पिंपाला कडी असावी तसा. चकतीत आपल्याला हवं ते लिपिड घालता येतं. आम्ही डीएमपीसी हे नेहमीचं, विकत मिळणारं लिपिड घातलं. मग उजेडाचा झटका द्यायचा आणि पंप किती वेगाने फिरतो ते मोजायचं. एक फेरा साधारण दहा मिलिसेकंदांचा. त्यात 412 नॅनोमीटरला शोषणारी एक पिवळी अवस्था येऊन जाते. ती किती लवकर ओसरते यावरून पंपाची चाल कळते.

हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. बर्फाच्या डब्यात नमुने ठेवून, वर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून तिने थिवीहून मुंबईची गाडी पकडली.

परत आली ती उतरलेला चेहरा घेऊन. मूळ पटलात पिवळी अवस्था दोन लयींत ओसरते, एक जलद आणि एक संथ. आमच्या चकत्यांत जलद लय जवळपास दिसतच नव्हती. पंप मेला नव्हता, पण पाय ओढत चालत होता.

मग संशयितांची रांग लागली. पहिला संशय प्रवासावर. फॉइलमध्ये अंधारात राहिलं की या प्रथिनातलं काही रेटिनल दुसऱ्या घडीत जातं, रंगही जरा सरकतो, आणि मोजण्याआधी त्याला पुरेसा उजेड दाखवावा लागतो. पहिल्या खेपेला तिच्याकडून ते राहिलं होतं. दुसऱ्या खेपेला उजेड दाखवला, फरक नाही. दुसरा संशय ट्रायटनवर. बाटली जुनी असली की त्यात पेरॉक्साइडं साठतात आणि ती प्रथिनाला चावतात. नवी बाटली मागवली. पुरवठादाराने ऐन पावसाळ्यात सहा आठवडे ताटकळत ठेवलं. ती आल्यावरही फरक नाही.

तिसरा संशय माझा, मिठावर. जाडं मीठ म्हणजे मॅग्नेशियम आलं, कॅल्शियम आलं, चिखलातलं लोखंड आलं, आणखी काय काय कोण जाणे. मी म्हणालो, ते पोतं उचल आणि बाहेर ठेव. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोन फ्लास्क लावले, एकात बाटलीतलं शुद्ध मीठ, दुसऱ्यात आगरवाड्याचं. हे जीव सावकाश वाढतात. दोन्ही वाढवून, पटल काढून, मुंबईला नेऊन आणेपर्यंत महिना गेला. दोन्हींचा निकाल एकच. तिने आलेख माझ्या टेबलावर ठेवला आणि पोतं परत आत आणलं. शाळेत असताना सुट्टीत वाफ्यातलं मीठ ओढलेली मुलगी. गावाच्या मिठावर आळ आला तर तिने सोडायला हवं होतं असं मला आता वाटत नाही.

तो महिना वाया गेला, पण एक गोष्ट पक्की झाली. बिघाड पटल काढण्याच्या आधीचा नव्हता, नंतरचा होता.

नासलेलं दूध

मग मी म्हणालो, डिटर्जंटच नको. 2009 साली ब्रिटनमधल्या एका गटाने दाखवून दिलं होतं की स्टायरीन आणि मॅलेइक आम्ल यांचं एक पॉलिमर, एसएमए, पटलाला थेट कापतं. पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडाव्यात तशा त्यातून चकत्या पडतात आणि प्रथिन आपल्या मूळ शेजाऱ्यांसकट बाहेर येतं. आजघडीला पटल-प्रथिनांच्या कामात या जातीच्या पॉलिमरांची मोठी चलती आहे ती यासाठीच.

तिने एसएमए घातलं आणि दोन मिनिटांत नळीत पांढरे गुठळे झाले. लिंबू पिळलेलं दूध जसं फाटतं, अगदी तसं. जांभळा रंग त्या चोथ्यात अडकून तळाला गेला.

याचं कारण तिने आपल्या वहीतून शोधलं, माझ्या डोक्यातून नाही. एसएमएवर ऋणभार असतो. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमसारखे दोन धनभारांचे आयन काही मिलिमोलरच्या वर गेले की ते पॉलिमरच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतात आणि साका खाली बसतो. आणि मॅग्नेशियम आलं कुठून? मिठातून नाही. पेशी फोडल्यावर त्यांचा डीएनए बाहेर येऊन द्रावण शेंबडासारखं चिकट होतं. ते पातळ करायला आम्ही डीएनएज हे एन्झाइम घालतो आणि त्याला काम करायला मॅग्नेशियम लागतं. ते मीच, माझ्याच प्रोटोकॉलमध्ये, बाटलीतून मोजून घालायला लावलं होतं. वहीत मॅग्नेशियमच्या आकड्याखाली तिने पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली होती. तोंडाने काही म्हणाली नाही.

आता खरं तर पटल आणखी दोनदा साध्या बफरने, म्हणजे आंबटपणा स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने, धुतलं असतं तरी भागलं असतं. पण मला एव्हाना मॅग्नेशियमचा राग आला होता. मी म्हणालो, मुळापासून काढ. पाणी मऊ करायच्या यंत्रात असतात तसे रेझिनचे मणी मिळतात, धनभारित आयन धरून ठेवणारे. शुक्रवारी संध्याकाळी तिने जांभळं पटल बफर नसलेल्या शुद्ध पाण्यात, त्या मण्यांसोबत ठेवलं आणि घरी गेली. शनिवारी सकाळी नळी निळी.

निळं का झालं

या निळ्या रंगाला स्वतःचा इतिहास आहे आणि तो मला ठाऊक असायला हवा होता. धनभारित आयन काढून घेतले की जांभळ्या पटलाचं शोषण 568 वरून 600 नॅनोमीटरच्या पुढे सरकतं, हे 1980 च्या दशकातच नीट तपासलं गेलं होतं. आम्ल घालून पीएच खूप खाली नेला, म्हणजे द्रावण खूप आंबट केलं, तरी तोच निळा रंग येतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात: रेटिनलजवळचं 85 क्रमांकाचं अस्पार्टिक आम्ल प्रोटॉन घेतं, त्याचा ऋणभार जातो आणि रंग बदलतो.

पण आमच्या नळीत आम्ल कुणी घातलं होतं? कुणीच नाही. ते लिपिडांनी केलं.

जांभळ्या पटलात वजनाने तीन भाग प्रथिन आणि एकच भाग लिपिड, एका प्रथिनामागे जेमतेम दहा रेणू. पण त्या लिपिडांच्या डोक्यांवर फॉस्फेट आणि सल्फेटचे ऋणभार खच्चून असतात. एरवी मॅग्नेशियम, कॅल्शियम तिथे येऊन बसतात आणि तो भार शांत ठेवतात. ते काढून घेतल्यावर मोकळे पडलेले ऋणभार पाण्यातले प्रोटॉन पृष्ठभागाकडे ओढून घेतात. नळीतल्या बाकी पाण्याचा पीएच वेगळा, आणि पटलाला लागून असलेला पाण्याचा पातळ थर त्याहून कितीतरी जास्त आंबट. प्रथिनाला तो थरच कळतो, नळी नाही.

ही गोष्ट लिपिडांचीच आहे याची साक्ष 1987 साली सुंडी आणि स्टोकेनियस यांनी काढली होती. त्यांनी पटलातली बरीचशी लिपिडं काढून टाकली आणि मग आयन काढले, तर पटल निळं झालंच नाही. विद्यार्थिनीने तो लेख शनिवारी दुपारी वाचला आणि सोमवारी तसं करून पाहिलं. तीन नळ्या. पहिलीत निळं पटल तसंच. दुसरीत निळ्या पटलात मॅग्नेशियम क्लोराइडचा एक बारीकसा थेंब. पिपेटचं टोक बाहेर काढेपर्यंत रंग फिरला होता. निळ्यात जांभळ्याचा एक धागा उतरला, तिने नळी बोटाने दोनदा टिचकवली आणि सगळं पुन्हा जांभूळ. तिसरीत चॅप्स या सौम्य डिटर्जंटने लिपिडं धुऊन काढलेलं पटल, त्याच रेझिनच्या मण्यांवर रात्रभर ठेवलेलं. ते जांभळंच राहिलं.

त्या तीन नळ्या पांढऱ्या कागदावर ठेवून आम्ही बराच वेळ नुसते बघत बसलो. प्रयोगशाळेतले मामा चहा घेऊन आले आणि म्हणाले, रंगपंचमी का काय?

माझ्या दृष्टीने प्रकरण इथे वळलं. ज्याला मी घाण म्हणत होतो ते काढल्यावर प्रथिन एका चाचणीत जास्त शांत, जास्त शुद्ध दिसतं. निळं पडत नाही, गुणी बाळासारखं बसतं. आणि पंप म्हणून तेच पाय ओढतं. आधीच्या चकत्यांत जलद लय हरवली होती, ती ट्रायटनने प्रथिनाला इजा केली म्हणून नव्हे. ट्रायटनने शेजारी नेले आणि आम्ही त्यांच्या जागी डीएमपीसी आणून बसवलं म्हणून. निदान तसा संशय आता घेता येत होता.

डीएमपीसी आणि या जीवाची लिपिडं यांत फरकही साधासुधा नाही. डीएमपीसीच्या, तशाच आपल्या पेशींतल्या लिपिडांच्या शेपट्या ग्लिसरॉलला एस्टर बंधाने जोडलेल्या असतात, आर्कियांच्या ईथर बंधाने. आपल्या शेपट्या सरळसोट, त्यांच्या फांद्या फुटलेल्या. ग्लिसरॉलची ठेवणसुद्धा आरशात पाहिल्यासारखी उलटी. शिवाय जांभळ्या पटलात स्क्वालीन असतं. हे नाव आलं शार्कच्या स्क्वालस या प्रजातीवरून, कारण ते पहिल्यांदा शार्कच्या यकृताच्या तेलात सापडलं. मोरीचं, म्हणजे शार्कचंच, आंबोटीक हे आंबट-तिखट कालवण आवडीने खाणाऱ्या गोवेकराला त्या तेलाची ओळख वेगळी करून द्यायला नको.

आणि ही लिपिडं प्रथिनाच्या आजूबाजूला नुसती पडलेली नाहीत. लँडाऊ आणि रोझेनबुश यांनी 1996 मध्ये डिटर्जंटऐवजी लिपिडांच्याच एका घट्ट, जेलसारख्या अवस्थेत या प्रथिनाचे स्फटिक वाढवून दाखवले. तीन वर्षांनी त्या पद्धतीने 1.55 अँगस्ट्रॉमपर्यंतची (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) बारीक रचना मिळाली, तेव्हा प्रथिनाच्या अंगाला बिलगलेल्या लिपिडांच्या शेपट्या आणि एक स्क्वालीनही त्यात दिसलं. हे प्रथिन पटलात तीन-तीनच्या टोळक्याने राहतं. त्या तिघांच्या मधल्या पोकळीतही लिपिडं ठासून बसलेली असतात, त्यात सल्फेट लावलेलं एक साखरी लिपिड, हे 1998 च्या दुसऱ्या एका रचनेतून दिसलं होतं. त्याच वर्षी हेंडलर यांच्या गटाने ट्रायटन लावलेल्या जांभळ्या पटलाची बिघडलेली चाल परत आणून दाखवली, आणि त्यासाठी पटलाचं मुख्य फॉस्फोलिपिड आणि स्क्वालीन ही दोन्ही एकत्र लागली. म्हणजे आम्ही मिठाच्या पोत्यावर महिना घालवला त्या प्रश्नाची अर्धी फोड पंचवीस वर्षांपूर्वी छापून झाली होती. अल्फाफोल्ड 2 या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी प्रणालीने दिलेलं प्रथिनाचं चित्र उघडलं की पडद्यावर प्रथिन उघडंबोडकं दिसतं, भोवती काही नाही. ते पाहून पाहून डोळ्यांनाच सवय होते की याला कुणाची गरज नसावी. ही माझी सबब नव्हे, सवय सांगतोय.

परत घातलेली लिपिडं

पुढचा बेत तिचा. मूळ पटलातून क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलने लिपिडं काढायची. ती डीएमपीसीत मिसळून एक संच करायचा, नुसत्या डीएमपीसीचा दुसरा, आणि लिपिडं धुतलेलं प्रथिन दोन्हींत घालून एसएमएने चकत्या पाडायच्या. थेट जांभळ्या पटलावर एसएमए चालवणं आमच्या हातून काही साधलं नव्हतं. ते पटल म्हणजे प्रथिनांची षटकोनी फरशीच आहे. त्यात कापायला मऊ जागा फारशी सापडत नाही.

लिपिडं काढायचं काम पाहण्यासारखं असतं. चंबूतून क्लोरोफॉर्म उडून गेल्यावर काचेला आतून एक पातळ थर चिकटतो, इतका पातळ की तिरका उजेड पडला तरच दिसावा, तुपाचं भांडं गरम पाण्याने धुतल्यावर मागे राहतो तसा. दहा लिटर वाढवलेल्या पेशींतून हाती लागतं ते एवढंच.

एक भानगड राहिली होती. एसएमएला मॅग्नेशियम चालत नाही. मॅग्नेशियम नसेल तर पटल निळं पडतं. एकाला जे हवं ते दुसऱ्याला नको. सुटका केली ती सोडियमने. एकाच धनभाराचा हा आयन एसएमएच्या साखळ्यांना बांधत नाही, उलट थोडं मीठ असलेलं एसएमएला मानवतंच. आणि पुरेशा प्रमाणात असेल तर तो लिपिडांचे ऋणभार झाकून पटल जांभळं ठेवतो. बफरमध्ये 150 मिलिमोलर सोडियम क्लोराइड घातलं आणि भांडण मिटलं. सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठ. ती हे मला मोठ्या आवाजात, शब्द तोडून तोडून सांगत होती. शेजारच्या टेबलावरची मुलं हसत होती.

एसीची गंमत मात्र कुणाच्या लेखात नव्हती. आमची खोली वीस अंशांवर असते. डीएमपीसी साधारण 24 अंशांखाली गोठल्यासारखं ताठ होतं, वर गेलं की सैल. एसएमए घालूनही नळी दुधाळच राहिली म्हणून तिने ती वैतागून मुठीत धरली आणि माझ्याशी बोलत उभी राहिली. मूठ उघडली तर द्रावण पारदर्शक. तेव्हापासून हा टप्पा ती एसी बंद करून करते. मेमध्ये तो टप्पा आला की खोलीत बाकी कुणी थांबत नाही.

पुन्हा थिवी, पुन्हा बर्फाचा डबा, या खेपेला मोजण्याआधी उजेड दाखवण्याची आठवण डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून. नुसत्या डीएमपीसीच्या चकत्यांत जलद लय नव्हती. मूळ लिपिडं मिसळलेल्या चकत्यांत ती होती. मूळ पटलाइतकी भरघोस नाही, पण आलेखाच्या सुरुवातीचा उतार डोळ्याला स्पष्ट दिसावा इतकी. रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "सर, आली."

अजून काय सुटलेलं नाही

यावरून लिपिडांनी पंपाला थेट चाल दिली असं म्हणायला मी तयार नाही, आणि यावर आमचे वाद होतात. तिचं म्हणणं, लिपिड परत आलं, लय परत आली, आणखी काय पाहिजे? माझं म्हणणं, मधला एक दुवा तपासायचा राहिला आहे. मूळ लिपिडांच्या संगतीत प्रथिनं पुन्हा तीन-तीनच्या टोळक्यात जमत असतील, आणि चाल त्या टोळक्यामुळे सुधारली असेल. तसं असेल तर लिपिडाचं काम पंप चालवणं नव्हे, तिघांना एकत्र धरून ठेवणं. सुटं, एकेकटं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनही प्रोटॉन पंप करतं हे डेन्चर आणि हाइन यांनी 1979 मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे एकटेपणाने पंप बंद पडत नाही एवढं नक्की, पण बंद पडणं वेगळं आणि लय बदलणं वेगळं. वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाच्या शोषणात टोळक्याची एक ओळखीची खूण दिसते, एक चढ आणि लगेच एक उतार. दोन्ही संचांत ती खूण पाहणं हे पुढचं काम आहे. त्यात ती बरोबर निघाली तर मी चहा पाजणार आहे, समोसे तिच्याकडून.

दुसरा धागा स्क्वालीनचा. क्लोरोफॉर्मने काढलेल्या लिपिडांच्या मिश्रणात ते मुळातच असणार, म्हणून फॉस्फोलिपिड एकटं काय करतं आणि स्क्वालीनसोबत काय करतं हे आम्हाला वेगळं करता आलेलं नाही. मिश्रणाचे घटक सिलिकाच्या पत्र्यावर वेगळे काढता येतात. सल्फेट लावलेलं साखरी लिपिडही तसंच वेगळं काढावं लागेल. पण तिघांच्या मधल्या पोकळीत बसणाऱ्या त्या लिपिडाचा चाचणीपुरता साठा करायचा तर दहा लिटरने काही होणार नाही, पन्नास तरी वाढवावे लागतील.

प्रोटोकॉलच्या वहीत दोन बदल केले. डीएनएजनंतरचं धुणं दोनदाऐवजी चारदा, आणि रेझिनचे मणी कपाटात बंद. तिसरा बदल तिने परस्पर केला. जिथे जिथे मी "घाण" लिहिलं होतं तिथे खोडून "लिपिडं" केलं, एके ठिकाणी वहीचं पान फाटेपर्यंत खोडून. ती निळी नळी फ्रीजच्या दारात ठेवली आहे, लेबलवर तिच्या अक्षरात लिहिलंय: मीठ नसलेली.

पन्नास लिटरांना साडेबारा किलो मीठ लागेल. पाऊस लागला की मिठागरं पाण्याखाली जातात आणि जुनं मीठ महाग होतं, म्हणून तिने काकांना मेच्या पहिल्या आठवड्यातच फोन केला. काकांनी विचारलं, एवढ्या मिठाचं तुम्ही करता तरी काय? लोणचं घालता? एक पोतं आलं आहे, दुसरं या शनिवारी पेडण्याच्या बसच्या टपावरून येईल. ते उतरवायला स्टँडवर मी जायचं असं ठरलं आहे.